आईची तीन महिन्यांची शुगर आणि तीनदा टोचलेली सुई

एकाच तपासणीसाठी एकाच लॅबने माझ्या आईचं रक्त तीनदा घेतलं. दर वेळी कारण तेच: सॅम्पल खराब झालं. मागच्या पावसाळ्यातली गोष्ट आहे, पण माझा राग अजून गेलेला नाही.

आई चंद्रपूरला असते, वय 54. तिला सिकलसेल आहे, म्हणजे लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होणारा आनुवंशिक आजार. ती नुसती वाहक नाही, ग्रस्त आहे, एसएस, म्हणजे आई-वडील दोघांकडूनही दोष आलेला. रात्री चार-पाचदा लघवीला उठायची, सारखी तहान लागायची. सिकलसेलमध्ये मूत्रपिंडांना लघवी घट्ट करता येत नाही, त्यामुळे हे नेहमीचंच असं आम्ही धरून चाललो. तिथल्या डॉक्टरांनी एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांची शुगर, करायला सांगितली. आली 4.6 टक्के. डायबिटीस 6.5 पासून धरतात, तेव्हा काळजी मिटली. पण शेजारच्या काकांच्या ग्लुकोमीटरवर जेवणानंतर 280 दिसली.

म्हणून नागपूरला मोठ्या लॅबमध्ये नेलं. तिथलं मशीन एचपीएलसीचं, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारं. दुसऱ्या दिवशी फोन आला, सॅम्पल खराब, पुन्हा या. गेलो. परत तेच. आईची शीर लवकर सापडत नाही. तिसऱ्या खेपेला डाव्या पंजावर टोचलं, तो सगळा निळा पडला. "अजून किती रक्त काढता बापा, माझं हिमोग्लोबिनच आठ हाये," आई त्या मुलाला म्हणाली. त्यानं मान वर केली नाही.

संध्याकाळी पुन्हा तोच फोन. मी थेट काउंटरवर गेले. मशीनमधून जे काही निघालं ते द्या म्हटलं. "रिझल्टच नाही तर काय देणार, ताई?" पॅथॉलॉजिस्ट मॅडमना भेटल्याशिवाय मी हलणार नाही, असं सांगून बसून राहिले. दीड तासाने त्या आलेखाचा कागद घेऊन बाहेर आल्या आणि पहिलाच प्रश्न विचारला, "यांना सिकलसेल आहे का?"

आईने पर्समधून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं सिकलसेलचं कार्ड काढलं. तिन्ही वेळा ते तिच्या पर्समध्येच होतं. फॉर्मवर नाव, वय, मोबाईल आणि उपाशीपोटी आहात का, एवढेच रकाने. आजाराचं कुणी विचारलंच नाही.

मॅडमनी नीट समजावलं. ते मशीन हिमोग्लोबिन ए ला, म्हणजे मोठ्यांच्या रक्तातल्या नेहमीच्या हिमोग्लोबिनला, चिकटलेली साखर मोजतं. आईच्या रक्तात ए नाहीच, जवळपास सगळं एस, म्हणजे सिकलसेलचं, आणि थोडं एफ, म्हणजे गर्भातल्या बाळाचं असतं ते. मोजायचं ते सापडलंच नाही म्हणून आकडा आला नाही. सॅम्पल चांगलंच होतं. मग आधीचं 4.6? त्या लॅबच्या पद्धतीत एस असलं तरी आकडा येतो. पण निरोगी लाल पेशी साधारण 120 दिवस जगतात, एसएसच्या रुग्णाच्या जेमतेम 10 ते 20. साखर चिकटायला वेळच मिळत नाही, आकडा खोटा कमी येतो.

पुढचं दोन दिवसांत झालं. उपाशीपोटी 171, जेवणानंतर 268, फ्रुक्टोसामाईन, म्हणजे रक्तातल्या प्रथिनांना चिकटलेली साखर, तेही वाढलेलं. गोळ्या सुरू झाल्या.

घरात सिकलसेलचा रुग्ण असेल तर उपाशीपोटी आणि जेवणानंतरची शुगर लॅबमध्ये, शिरेतल्या रक्तावरच करा. रक्त कमी असेल तर ग्लुकोमीटर आकडा वाढवून दाखवू शकतो, हे मला नंतर कळलं. फ्रुक्टोसामाईन मागच्या दोन-तीन आठवड्यांचं सांगतं आणि त्याचा लाल पेशींशी संबंध नाही. मात्र रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन कमी असेल तर तेही चुकतं. गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवलं असेल तर एचबीएवनसी करूच नका, त्यात दात्याचं रक्त मिसळलेलं असतं. घरात कुणी वाहक असेल तर त्यांच्या रक्तात ए असतं, बऱ्याच पद्धतींत आकडा ठीक येतो, पण 'तुमच्या मशीनला एस चालतं का' हे लॅबला विचारा. थॅलेसेमिया मायनरवाल्यांनीही, म्हणजे थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या वाहकांनीही, विचारावं. आणि हो, सिकलसेलसाठी देतात ती हायड्रॉक्सीयुरियाची गोळी चालू असेल तर दंडावर लावायचे काही शुगर सेन्सर चुकीचा जास्त आकडा दाखवतात. आईला सेन्सर घ्यायला निघालो होतो, डॉक्टरांनी थांबवलं.

आता कुठल्याही लॅबच्या फॉर्मवर मी वरच्या कोपऱ्यात पेनाने ठळक लिहिते: सिकलसेल, एसएस. त्या लॅबला रकाना वाढवा म्हणून लेखी अर्ज दिला आहे. पोच मिळाली, उत्तर अजून नाही.