डोंग्याची किंमत किती लिहू?

डोंगा म्हणजे छोटी लाकडी होडी. डोंग्याला आरसी बुक नसतं. चेसिस नंबर नसतो, इन्शुरन्स नसतो, नंबर प्लेट तर नाहीच. मोटारसायकल चोरीला गेली की निम्मा तपास कागदावरच होतो. मोबाईल गेला तर आयएमईआय नंबर सरकारच्या सीईआयआर पोर्टलवर टाकायचा, चोरानं सिम घातलं की माग लागतो. डोंगा गेला तर हातात काय? मालकाचं तोंडी वर्णन आणि समोर पसरलेलं पाणी.

मी वैनगंगेच्या काठावरच्या एका ठाण्यात बीट जमादार आहे. भंडारा जिल्हा, गोसीखुर्द धरणाचा फुगवटा. ही गोष्ट 2024 च्या दसऱ्यानंतरची. केस अजून कोर्टात आहे, म्हणून गावं आणि माणसं यांची नावं घेत नाही.

बाजाराच्या दिवशी एक ढिवर, म्हणजे मच्छीमार समाजाचे, नवराबायको ठाण्यात आले. म्हातारा दाराशीच उभा राहिला, म्हातारी आत आली. मासोळी विकायला बसणाऱ्या बाईला पोलिसांची भीती राहत नाही, रोजच कुणाशी तरी भांडायचं असतं. म्हणाली, "सायेब, डोंगा नेला कोनंतरी. देवी शिरवल्याच्या रातच्याला." म्हणजे विसर्जनाच्या रात्री.

आमचे ठाणेदार माणूस वाईट नाही. पण त्यांच्या लेखी चोरी म्हणजे दागिने, मोटर पंप, नाहीतर रेती. या नदीकाठच्या ठाण्यांचा निम्मा जीव रेतीच्या ट्रॅक्टरमागे जातो, त्यात डोंगा कोण शोधणार? ते म्हणाले, "वाहून गेला असेल. साधी नोंद घ्या आणि आठ दिवस वाट बघा."

म्हातारीनं पिशवीतून दाव्याचा तुकडा काढून टेबलावर ठेवला. खुंट्याला राहिलेलं टोक ती सोडून घेऊन आली होती. नायलॉनचं दावं झिजून तुटलं तर टोकाचे धागे लांडेबांडे होतात, म्हाताऱ्याच्या दाढीसारखे पिंजारतात. हे टोक सपाट होतं, सगळे धागे एका रेषेत. धारदार वस्तूनं एका झटक्यात कापलेलं. घटनास्थळी जाऊन जे आम्ही पाहायला पाहिजे, ते तिनं आधीच पाहून ठेवलं होतं. साहेबांनी तुकडा उलटसुलट केला आणि मला म्हणाले, "घ्या लिहून."

लिहायला बसलो आणि पहिल्याच अडचणीशी आलो. किंमत.

बाहेरच्या माणसाला वाटतं, चोरी म्हणजे चोरी. तसं राहिलेलं नाही. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आली. जुन्या दंड संहितेच्या कलम 379 च्या जागी कलम 303(2). चोरीला गेलेला माल 5,000 रुपयांच्या आतला असेल, तर तो गुन्हा अदखलपात्र. म्हणजे एनसीचा कागद हातात द्यायचा आणि सांगायचं, कोर्टात जा. मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय मला तपास करता येत नाही. पहिल्यांदाच दोषी ठरलेल्यानं माल किंवा त्याची किंमत परत केली, तर शिक्षा समाजसेवेची. 5,000 किंवा वर असेल तर दखलपात्र, तीन वर्षांपर्यंत कैद. कायदा करणाऱ्यांनी चांगल्या हेतूनं केला असेल, किरकोळ चोरीत पोरगं तुरुंगात सडू नये म्हणून. पण ज्याचं सगळं घरच मिळून पाच हजारांचं आहे, त्याच्या चोरीचं काय करायचं हे त्यात दिसत नाही.

"किंमत किती, माय?"

"जुना हाये सायेब. दोन-तीन हजार देईन कोनी."

दाराशी उभा असलेला म्हातारा तेव्हा पहिल्यांदा बोलला. सायबाशी नाही, बायकोशी. "मंग मले दोन-तीन हजारात दुसरा आनून दे."

त्या एका वाक्यावर माझा सगळा तपास उभा आहे. विकायला गेलं तर दोन-तीन हजार. घ्यायला गेलं तर मिळतच नाही, कारण डोंगा बांधणारे सुतार आता हाताच्या बोटांवर मोजावे लागतात आणि नीट लाकूड मिळवायचं तर वनखात्याचे उंबरे झिजवावे लागतात. मी त्यांच्या मच्छीमार संस्थेच्या सचिवाला फोन लावला आणि तसाच डोंगा आज करून घ्यायला काय लागेल ते लेटरहेडवर लिहून मागितलं. त्यानं जुनेपणाची घट धरून 15,000 लिहिले. मी तेच फिर्यादीत घेतलं. सीसीटीएनएस, म्हणजे गुन्हे नोंदायच्या पोलिसांच्या संगणक प्रणालीवरच्या पोराला मालाचा प्रकार कोणता टाकावा हे कळेना. वाहन म्हटलं तर नोंदणी क्रमांक कुठून आणायचा? शेवटी 'इतर'मध्ये बसवला.

आणि खुणा. नवीन पोरं फिर्याद लिहितात, "एक जुना वापरता लाकडी डोंगा", झालं. उद्या सापडला तर कोर्टात कशावरून सांगणार की हाच तो? मी म्हातारीला बसवून चहा दिला आणि डोंग्याची एकेक फळी विचारली. ती डोळे मिटून सांगत गेली. नऊ हात लांब. नाकाडाला साखळीचं कडं, त्याची एक बाजू झिजलेली. मागच्या बाजूला, डाव्या अंगाला, आतून फळी चिरली होती, तिथं तेलाच्या पिपाचा पत्रा ठोकलेला, रंगीत बाजू लाकडाकडे. सहा खिळे. "एक वाकडा हाये, यायच्या हातानं," असं म्हणून तिनं नवऱ्याकडे पाहिलं. सगळं जसंच्या तसं लिहिलं. रायटर हसत होता. नंतर हसला नाही.

शोध आधी पाण्यातच घ्यावा लागला, कारण साहेबांच्या डोक्यातून वाहून गेल्याचं जात नव्हतं. गोसीखुर्दला 33 दारं आहेत. पावसाळा सरलेला, पाणी अडवलेलं. वाहत गेला असता तर धरणाच्या भिंतीपाशी लागला असता. तिथल्या माणसानं काही पाहिलं नव्हतं. मग संस्थेच्या फायबर बोटीतून काठ पाहिला. निम्म्या काठाला इकॉर्निया, म्हणजे जलपर्णी, माजलेली. नागपूरची घाण नाग नदीतून कन्हानमार्गे इथं येते, त्यावर ही वनस्पती पोसते. तिच्यात वल्हं अडकतं आणि वास असा येतो की जेवण जात नाही. राजीव गांधींनी 1988 मध्ये या धरणाचं भूमिपूजन केलं, 2009 मध्ये हा राष्ट्रीय प्रकल्प झाला, गावंच्या गावं पाण्याखाली गेली. माझ्या बीटाचा मोठा भाग आज पाणी आहे आणि ठाण्याकडे ना बोट आहे ना लाईफ जॅकेट. संस्थेच्या नावाड्यानंच एक जुनं जॅकेट मला दिलं आणि स्वतः बनियनवर बसला.

दिशा बदलली ती पुन्हा म्हातारीनंच. मी काठावर विचारपूस करत होतो, ती टोपली घेऊन निघाली होती. म्हणाली, "मासोळीसाठी नाही नेला, सायेब. मासोळीवाला दुसऱ्याचा डोंगा घेऊन याच पान्यात कसा फिरन? आता शिंगाड्याचे दिवस हायेत."

आमच्याकडे भंडारा-गोंदियात गावोगावी मामा तलाव आहेत, माजी मालगुजारी तलाव. कोहळी लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या बांधलेले. त्यांत ढिवर लोक शिंगाडा लावतात, दसरा-दिवाळीच्या सुमारास तोड जोरात असते. वेल पाण्यावर पसरलेला असतो, डोंग्यात ओणवं बसून एकेक फळ तोडायचं, काटे बोटांत जातात. तोडीच्या दिवसांत डोंग्याला मागणी. वर्षाचे उरलेले महिने कुणी विचारत नाही. म्हणजे डोंगा नदीत नव्हता, जमिनीवरून गेला होता. आणि नऊ हातांचं ओलं लाकूड चौघांशिवाय उचलत नाही, ट्रॉलीशिवाय हलत नाही.

विसर्जनाच्या रात्री ट्रॉल्याच ट्रॉल्या. कुणाच्या नजरेत काय भरणार? पण धान राखायला मचाणावर जागलीला बसलेला एक शेतकरी सापडला. रानडुकरांमुळे हे लोक रात्रभर जागे असतात. पोलिसांना असे साक्षीदार आयते मिळतात, आणि आम्ही पानठेल्यावरच विचारत बसतो. तो म्हणाला, "जमादार, देवी शिरवून येताना ट्रॉली रिकामी खडखडत येते. एक ट्रॉली खडखडली नाही. वरून ताडपत्री होती." ट्रॅक्टर कुणाचा हेही त्यानं सांगितलं. आवाजावरून. आवाज काही पुराव्यात चालत नाही, पण कोणत्या दिशेला गाडी वळवायची ते कळलं.

मग तलाव धुंडाळले. पोलीस पाटलांना फोन, कोतवालांना फोन, आणि स्वतः तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, जाऊन डोंगे पाहायचे. तालुका ओलांडून गेल्यावर एका तलावात डोंगा दिसला, नुकतंच डांबर लावलेला. काळाकुळकुळीत. शिंगाड्याच्या हंगामात मधेच कोण डांबर लावतं? ते काम उन्हाळ्याचं, डोंगा काठावर उलटा वाळत घालून करायचं. जवळ ओढला. कडं एका बाजूनं झिजलेलं. पण झिजलेली कडी शंभर डोंग्यांना असतात. आत उतरून मागच्या डाव्या अंगाला हात फिरवला, डांबराखाली पत्र्याची कड लागली. पंच बोलावले, मोबाईलवर चित्रीकरण सुरू केलं (नव्या कायद्यात जप्तीचं चित्रीकरण करावंच लागतं), आणि रुपयाच्या नाण्यानं डांबर खरवडलं. एक खिळा, दुसरा, तिसरा. पाचवा वाकडा. पत्र्याचा कोपरा पकडीनं जरासा उचलला तर खालून पिवळा रंग आणि सूर्यफुलाची अर्धी पाकळी. पंचांपैकी एक मास्तर होते, त्यांनी फिर्यादीची प्रत हातात घेऊन मोठ्यानं वाचली आणि "अरे बापरे" म्हणाले. तेही चित्रीकरणात आहे.

शिंगाडेवाला रडायला लागला. तोही ढिवरच, खोदून विचारलं तर म्हातारीच्या माहेरकडून लांबचा सोयरा निघाला. चार हजाराला घेतला होता. दोन हजार रोख, दोन हजार यूपीआयनं. साहेबांचं म्हणणं, चोरीचा माल घेणारा म्हणून यालाही आरोपी करा. मी म्हटलं, चोरीचा माल घेणारा माणूस मोबाईलवरून पैसे पाठवत नाही. साक्षीदार केला. त्याचे चार हजार गेले आणि तोडही अर्धी राहिली, हे कुठल्याच कागदावर येत नाही.

दोन हजार ज्या नंबरवर गेले, तो देवीच्या मंडळातल्या एका पोराचा. चौघं होते. ट्रॅक्टर एका पुढाऱ्याच्या भाच्याचा, जागलीवाल्यानं सांगितलेलाच. पोरं म्हणाली, काठाला पाणी उथळ होतं, देवी खोल पाण्यात न्यायला डोंगा घेतला, परत बांधायचा राहून गेला. गावातल्या निम्म्या लोकांना हे पटलं. देवीचं नाव आलं की आपल्याकडे लोकांची बुद्धी हात जोडते. मी एवढंच विचारलं, घ्यायचाच होता तर गाठ काहून सोडली नाही? कापली काहून?

मग फोन सुरू झाले. मला नाही, साहेबांना. कुणीही "केस सोडा" म्हणालं नाही, इतके अडाणी लोक आता राहिले नाहीत. विचारणा एकच, किंमत किती लावली? पंधरा हजार? ज्यानं घेतला त्यानं चार हजाराला घेतला ना? मग डोंगा चार हजाराचाच. पाच हजारांच्या आत. अदखलपात्र. साहेबांनी मला बोलावून विचारलं, "पुरवणी जबाबात किंमत दुरुस्त होते का?" मी संस्थेचं पत्र पुढं ठेवलं. त्यांनी ते वाचलं आणि विषय बदलला. म्हणून म्हटलं, माणूस वाईट नाही.

पण डोकं तिथंच अडकलंय. त्या पोरांना चोरीशी जोडणारा माझ्याकडचा सगळ्यात पक्का पुरावा म्हणजे तो चार हजाराचा व्यवहार. आणि बचाव पक्षाच्या हातात सगळ्यात धारदार मुद्दाही तोच. तो मांडावा तर किंमत पडते, न मांडावा तर पोरं सुटतात. सरकारी वकील म्हणतात, चोरानं विकलेली किंमत ही बाजारभाव नसते. बरोबर आहे. पण जुन्या डोंग्याचा बाजार तरी कुठे आहे? म्हातारी कोर्टात खरं बोलणार. उलटतपासणीत विचारलं, "आजी, विकला असता तर किती आले असते?" तर ती दोन-तीन हजारच म्हणणार, आणि तिला शिकवून पाठवायचं मला जमणार नाही. मला म्हातारा साक्षीला हवा आहे. तो बोलतच नाही.

मधल्या काळात डोंगा ठाण्याच्या आवारात मुद्देमाल म्हणून पडून होता. ऑक्टोबरचं ऊन. लाकूड वाळलं की फळ्या आकसतात, सांधे उघडतात. मुद्देमाल सांभाळणारा मोहरर म्हणाला, मुद्देमालावर पाणी ओतायचा नियम दाखवा. मी नियम दाखवला नाही, बादली दाखवली. होमगार्डची पोरं सकाळ-संध्याकाळ डोंग्यात पाणी भरत. येणारे-जाणारे विचारत, ठाण्यात हौद बांधला काय?

डोंगा मालकाच्या ताब्यात द्यावा म्हणून सुपुर्दनाम्याचा अर्ज केला तर कोर्टातल्या बाबूनं मालकीचा कागद मागितला. आरसी, नाहीतर पावती. संस्थेचं सभासद कार्ड आणि ठराव जोडला, तेव्हा कुठे डोंगा म्हाताऱ्याच्या ताब्यात गेला. बंधपत्रावर नेहमीच्या अटी: विकू नये, रंगरूप बदलू नये, कोर्ट सांगेल तेव्हा हजर करावा.

परवा म्हातारी बाजारात भेटली. विचारत होती, उन्हाळ्यात डांबर लावायचं हाये, लावू का नोको? डांबर लावलं तर रंगरूप बदलतं, आणि त्या पिवळ्या पाकळीवर पुन्हा काळं येतं. न लावलं तर डोंगा पाणी घेतो. सरकारी वकिलांना विचारलं. ते म्हणाले, अर्ज करा. अर्ज केलाय, "सदर मुद्देमालास डांबर लावण्याची परवानगी मिळणेबाबत." त्यावर बचाव पक्षाचं म्हणणं मागवलंय.