अर्ज भरून देणाऱ्याचे काम

गेली सहा वर्षे दर रविवारी सकाळी मी आणि माझे काही सहकारी वृद्धांना निवृत्तिवेतनाचे अर्ज भरून देण्याचे काम विनामोबदला करतो. काही महिन्यांपूर्वी एका आजींचा अर्ज मंजूर झाला, तेव्हा त्या मुद्दाम भेटायला आल्या आणि हात जोडून म्हणाल्या, "तुमचे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत." त्या क्षणी मला संकोच वाटला आणि घरी परतल्यावर त्याची जागा अस्वस्थतेने घेतली. ती रक्कम आमच्या खिशातली नव्हती. कायद्याने ती त्यांचीच होती, आणि तरीही ती हातात पडण्यासाठी त्यांना दोन वर्षे खेटे घालावे लागले होते. जे हक्काचे होते त्यासाठी त्यांनी आमच्यापुढे हात जोडावेत, ही गोष्ट माझ्या मनातून अद्याप गेलेली नाही.

समाजकल्याण ही सरकारची जबाबदारी की दानशूर माणसांची, या जुन्या वादात माझे मत या अनुभवातून घडले आहे. ज्या मदतीवर माणसाचे जगणे अवलंबून असते, ती सरकारने हक्क म्हणूनच दिली पाहिजे. स्वयंसेवकाचे काम मोठे आहे, पण ते त्या हक्काला पर्याय होऊ शकत नाही.

आपल्या भाषेत 'सत्पात्री दान' असा शब्दप्रयोग आहे. दान योग्य व्यक्तीलाच मिळावे, हा त्यामागचा हेतू समजण्यासारखा आहे. मात्र ती योग्यता ठरवण्याचा अधिकार देणाऱ्याकडे गेला की घेणारा आपोआप परीक्षार्थी बनतो. लंडनमध्ये १८६९ साली 'चॅरिटी ऑर्गनायझेशन सोसायटी' स्थापन झाली, ती नेमक्या याच विचारावर. तिचे कार्यकर्ते गरिबांच्या घरी जात, चौकशी करत, प्रत्येक कुटुंबाची नोंद ठेवत आणि मदतीस पात्र कोण व अपात्र कोण हे ठरवत. घरोघरी जाऊन प्रत्येक प्रकरण समजून घेण्याच्या त्यांच्या पद्धतीतून पुढे समाजकार्य हा व्यवसाय आकाराला आला, हे ऋण मान्यच केले पाहिजे. परंतु याच संस्थेने सरकारी वृद्धापकाळ निवृत्तिवेतनाला विरोध केला, कारण न मागता मिळणाऱ्या पैशाने माणसाची काटकसर आणि स्वावलंबन नष्ट होईल अशी तिला भीती वाटत होती. ब्रिटनमध्ये १९०८ साली तो कायदा झालाच आणि सत्तरी गाठलेल्या गरजू वृद्धांना आठवड्याला जास्तीत जास्त पाच शिलिंग मिळू लागले. त्या कायद्यातही, काम करण्याची क्षमता असून ते टाळण्याची सवय असलेल्यांना वगळण्याची तरतूद होती. म्हणजे पात्रतेची जुनी चाळणी सरकारच्या हातीही आलीच. फरक इतकाच की सरकारने लावलेली चाळणी कायद्यात लिहिलेली असते, तिच्यावर जाहीरपणे बोट ठेवता येते आणि ती बदलून घेता येते. देणगीदाराच्या मनातल्या चाळणीविरुद्ध दाद मागण्याची सोय कुठेच नसते.

दानाची दुसरी मर्यादा मला अधिक गंभीर वाटते. गरज वाढते त्याच काळात देणाऱ्याचा हात आखडतो. अमेरिकेत १९२९ नंतरच्या महामंदीत हे स्पष्ट दिसले. सुरुवातीला धर्मादाय संस्था आणि स्थानिक मदत यांवरच बराचसा भरवसा ठेवण्यात आला होता. १९३३ पर्यंत काम करू शकणाऱ्या दर चार माणसांपैकी सुमारे एक जण बेकार झाला आणि कालचे देणगीदारही अडचणीत आले. त्या अनुभवाच्या पार्श्वभूमीवर १९३५ चा सामाजिक सुरक्षा कायदा आला, आणि वृद्धापकाळ व बेकारी यांसाठी विम्याची कायमची व्यवस्था उभी राहिली. मंदी असो वा तेजी, कर गोळा होत राहतो आणि कमी पडल्यास सरकार कर्ज काढू शकते. कोणत्याही दानपेटीला हे शक्य नाही.

याच्या उलट बाजूचे एक उदाहरण मी स्वतःलाच नेहमी देत असतो. ब्रिटन आणि आयर्लंडच्या किनाऱ्यांवर बुडणाऱ्यांना वाचवणारी 'रॉयल नॅशनल लाइफबोट इन्स्टिट्यूशन' १८२४ पासून प्रामुख्याने देणग्यांवर चालते, आणि वादळात बोट घेऊन जाणारे बहुतेक जण स्वयंसेवक असतात. मग सगळेच असे का चालू नये? मला वाटते, समुद्रात बुडणाऱ्या माणसाविषयी कोणाच्याही मनात किंतु नसतो. तुरुंगातून सुटून आलेला माणूस, व्यसनाच्या विळख्यातला तरुण, वर्षानुवर्षे मानसिक आजाराने ग्रासलेली स्त्री यांच्यासाठी देणगी मागायला गेल्यावर लोकांचे चेहरे कसे बदलतात, हे ज्याने पाहिले आहे त्याला अधिक सांगण्याची गरज नाही.

आणि तरीही सरकारला जे सुचत नाही ते स्वयंसेवकाला सुचते, कारण तो दुःखाच्या जवळ बसलेला असतो. सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ साली लंडनमध्ये 'सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस' सुरू केले, तेव्हा बरा न होणारा रुग्ण हा वैद्यकाच्या दृष्टीने जवळजवळ संपलेला विषय होता. वेदना कमी करणे आणि शेवटपर्यंत माणसाची सोबत करणे हे स्वतंत्र शास्त्र आहे, हे त्या धर्मादाय संस्थेने दाखवून दिले आणि नंतर अनेक देशांच्या आरोग्यव्यवस्थांनी ते स्वीकारले. ज्यांच्या १९४२ च्या अहवालाने ब्रिटनच्या कल्याणकारी राज्याचा आराखडा दिला, त्या विल्यम बेव्हरिज यांनी १९४८ मध्ये स्वयंसेवी कार्यावर वेगळा अहवाल लिहिला, यात मला विसंगती दिसत नाही.

मला काळजी वाटते ती निराळ्याच गोष्टीची. आम्ही रविवारी अर्ज भरून देतो म्हणून तो अर्ज सोपा करण्याची निकड कोणालाच जाणवत नसेल, तर आमची सेवा त्या अडचणीचे आयुष्य वाढवत आहे. म्हणून गेल्या वर्षापासून आम्ही एक वही ठेवली आहे. अर्ज कोणत्या रकान्यात अडतो, कोणता दाखला दोनदा मागितला जातो, कोणाला किती वेळा परत पाठवले, हे सारे नावे न लिहिता तीत नोंदवले जाते. एकच वयाचा दाखला दोन वेगवेगळ्या खिडक्यांवर मागितला जातो, ही नोंद तीत सर्वांत जास्त वेळा आली आहे. दोन महिन्यांपूर्वी आम्ही त्या वहीचा गोषवारा संबंधित कार्यालयात लेखी दिला आणि पोच घेतली. अजून उत्तर आलेले नाही. येत्या सोमवारी आम्ही त्याच पोचपावतीची प्रत घेऊन पुन्हा जाणार आहोत, आणि या वेळी त्या आजीही आमच्याबरोबर येणार आहेत.