कीड नाही, मग दात का हलतो?

"डॉक्टर, कीड नाही, मूल कुठे पडलंही नाही, मग दुधाचा दात हलतो कसा?" हे आईवडील नेहमी विचारतात. मूल सहा वर्षांचं असेल तर दात पडायची वेळ झाली, एवढंच. पण तीन वर्षांचं असेल, तर मी हिरड्या नीट बघते आणि विचारते, बाळाची नाळ कधी पडली होती? तीन आठवडे उलटूनही पडली नव्हती म्हणाले, की माझ्या मनात 'लॅड' येतो: ल्युकोसाइट अ‍ॅडहिजन डेफिशियन्सी, म्हणजे पांढऱ्या पेशींना नीट चिकटता न येणं. फार दुर्मीळ आजार, पण मला हिरडी खऱ्या अर्थाने कळली ती त्याच्यामुळे.

दात आणि हिरडीच्या फटीत जंतू कायम असतात. न्यूट्रोफिल, म्हणजे रक्तातल्या जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, तिथे रात्रंदिवस उतरत असतात, अगदी निरोगी तोंडातही. उतरण्याआधी त्यांना रक्तवाहिनीच्या आतल्या भिंतीला घट्ट धरावं लागतं. ही पकड इंटेग्रिन नावाच्या प्रथिनांची. २१व्या गुणसूत्रावरच्या जनुकात दोष असला, की या प्रथिनांचा सीडी१८ हा भाग नीट बनत नाही. पेशी भिंतीला घासत जातात, पण थांबत नाहीत. फास्ट लोकल लहान स्टेशनावरून जावी तशा. म्हणून सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीत, पांढऱ्या पेशी भरमसाट, हिरडी लालभडक, आणि दाबून बघावं तर पू नाही!

जंतूंना अडवायला कोणी नाही म्हणून हाड झिजतं, असंच आम्ही शिकलो. २०१४च्या संशोधनाने वेगळंच दाखवलं: न्यूट्रोफिल पोचल्या नाहीत की आयएल-२३ आणि आयएल-१७ या दाह वाढवणाऱ्या रासायनिक संदेशांना लगामच राहत नाही, आणि तो दाहच हाड खातो. २०१७ मध्ये अशा एका रुग्णाला आयएल-२३ अडवणारं उस्टेकिनुमॅब हे औषध दिलं, तर हिरड्यांचा दाह ओसरला.

दोष आई आणि वडील दोघांकडूनही यावा लागतो. नात्यातल्या लग्नांत ही शक्यता वाढते. "माझं दूध कमी पडलं का?" असं विचारणाऱ्या आईला मी ठामपणे नाही सांगते. आजार तीव्र असेल तर बोन मॅरो प्रत्यारोपणाला उशीर परवडत नाही. म्हणून अशा मुलाला कॅल्शियम देत वाट बघू नका. फ्लो सायटोमेट्रीने, म्हणजे पेशींवरची प्रथिनं तपासणाऱ्या चाचणीने, थोड्याशा रक्तात सीडी१८ तपासता येतं; मुंबईत केईएमच्या आवारातल्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजीत अशा आजारांचं निदान होतं.