महिन्याचं इंजेक्शन: ऑक्ट्रिओटाइड की लॅनरिओटाइड?

अ‍ॅक्रोमेगॅली (ग्रोथ हार्मोन जास्त सुटण्याचा आजार) किंवा न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर (एनईटी, हार्मोन बनवणाऱ्या पेशींची गाठ) असला की घरात एक प्रश्न हमखास निघतो: यातलं भारी औषध कुठलं? खरं सांगायचं तर ऑक्ट्रिओटाइड एलएआर (लांब टिकणारं रूप) आणि लॅनरिओटाइड यांच्या ताकदीत फारसा फरक नाही. दोन्ही शरीरातल्या सोमॅटोस्टॅटिनची, म्हणजे इतर हार्मोन दाबणाऱ्या हार्मोनची, नक्कल करतात आणि दोन्ही साधारण दर 28 दिवसांनी घ्यायची असतात. म्हणजे वर्षाला 12 नाही, 13. खर्चाचा हिशेब तसाच धरा. खरा फरक आहे तो टोचण्याच्या कामात. ‘औषध लागू पडत नाही’ म्हणून डोस वाढवण्याआधी मागचं इंजेक्शन कसं दिलं गेलं, हे विचारायलाच हवं.

ऑक्ट्रिओटाइड एलएआर (10, 20, 30 मिग्रॅ) पावडरच्या रूपात येतं. किट फ्रिजमधून काढून किमान अर्धा तास बाहेर ठेवायचं. सोबतचं द्रावण कुपीच्या आतल्या भिंतीवरून हळू सोडायचं आणि पावडर पूर्ण भिजेपर्यंत, साधारण पाच मिनिटं, कुपीला हात लावायचा नाही. मग आडवी धरून बेताने हलवायची, दुधासारखं एकसारखं मिश्रण होईपर्यंत. गर्दीच्या ओपीडीत नेमकी ही पाच मिनिटं खाल्ली जातात. मग तळाशी कोरडा गोळा राहतो, सुई तुंबते, अर्धा डोस सिरिंजमध्येच अडकतो. तयार केलेलं मिश्रण ट्रेमध्ये ठेवून नर्स फोन घ्यायला गेली, तरी तेच. कण खाली बसतात. सुई कुल्ल्याच्या स्नायूत खोल गेली पाहिजे, दंडात कधीच नाही. चरबीतच राहिली तर टोचल्या जागी गाठ येते आणि औषध नीट शोषलं जात नाही.

लॅनरिओटाइड (60, 90, 120 मिग्रॅ) भरलेल्या सिरिंजमध्ये येतं, कालवाकालव नाही. तेही फ्रिजमधून अर्धा तास आधी काढायचं. ते स्नायूत नाही, त्वचेखाली खोल द्यायचं: कुल्ल्याच्या वरच्या, बाहेरच्या भागात, कातडी चिमटीत न धरता ताणून, सुई सरळ पूर्ण आत. जेल घट्ट असतं, म्हणून साधारण 20 सेकंद लावून हळू दाबायचं. इन्सुलिनची सवय असलेले इथे चिमटी धरतात. तशी धरू नका. दोन्ही औषधांत बाजू आलटून पालटून. नवख्या हातांत लॅनरिओटाइड कमी बिघडतं, एवढं माझं मत.

अभ्यासांतले आकडे दाखवून कुणी तुलना केली तर सावध राहा. ऑक्ट्रिओटाइडचा प्रोमिड हा अभ्यास (2009) लहान आतड्याच्या ट्यूमरवर होता; लॅनरिओटाइडचा क्लॅरिनेट (2014) स्वादुपिंडासह वेगळ्या रुग्णांवर. ट्यूमर किती महिने वाढला नाही, हे एकाचे आकडे दुसऱ्यासमोर ठेवता येत नाहीत.

फ्रिज म्हणजे 2 ते 8 अंश. ठाण्यात मे महिन्यात ‘रूम टेंपरेचर’ला काही अर्थ नसतो. केमिस्टकडून घरी आणताना थर्माकोलचा डबा आणि जेल पॅक वापरा, पण औषध बर्फाला चिकटू देऊ नका, कारण गोठलेलं औषध टाकूनच द्यावं लागतं. फ्रीजरलगतचा कप्पाही टाळा. लाइट गेली तर किती तास बाहेर चालतं, ते आपल्या ब्रँडच्या पत्रकात बघा. सगळ्यांचं सारखं नसतं.

पहिल्या ऑक्ट्रिओटाइड एलएआरनंतर रक्तातली औषधाची पातळी पुरेशी व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. म्हणूनच कार्सिनॉइडच्या (एनईटीच्या हार्मोनमुळे होणाऱ्या) जुलाब-फ्लशिंगसाठी (चेहरा लाल-गरम होणं) सुरू असलेली ऑक्ट्रिओटाइडची रोजची, कमी वेळ टिकणारी छोटी इंजेक्शनं तोवर बंद करत नाहीत. अॅक्रोमेगॅलीत डोसचा निर्णय साधारण तीन महिन्यांनी, आयजीएफ-1 (ग्रोथ हार्मोनसोबत रक्तात वाढणारा घटक) पुढच्या इंजेक्शनच्या आधी तपासून. एनईटीमध्ये 24 तासांच्या लघवीची 5-एचआयएए (सेरोटोनिनपासून बनणारा घटक) तपासणी असेल तर केळी, अननस, टोमॅटो, अक्रोड दोन-तीन दिवस आधीपासून बंद, केळीचे वेफर्ससुद्धा. अ‍ॅसिडिटीच्या पँटोप्राझोलसारख्या गोळ्यांनी क्रोमोग्रॅनिन ए (एनईटीसाठी रक्तात तपासतात तो घटक) खोटंच वाढतं.

या दोघांनी आयजीएफ-1 आटोक्यात आलं नाही तर अ‍ॅक्रोमेगॅलीत पॅसिरिओटाइड एलएआर (40 मिग्रॅपासून) येतं. ते जास्त प्रकारच्या रिसेप्टरांवर काम करतं, पण इन्सुलिन दाबून साखर चांगलीच चढवतं. मधुमेह्याने ग्लुकोमीटर हाताशी ठेवावा. पेगव्हिसोमंट तर हार्मोन दाबतच नाही, ग्रोथ हार्मोनच्या रिसेप्टरला अडवतं. ते साधारणपणे रोज टोचायचं. त्यावर ग्रोथ हार्मोन तपासण्यात अर्थ नाही, आयजीएफ-1 आणि लिव्हरच्या तपासण्या बघायच्या, आणि गाठ आकसत नाही म्हणून एमआरआय चालू ठेवायचा. एनईटीत त्याचं काम नाही.

ऑक्ट्रिओटाइड-लॅनरिओटाइडच्या सुरुवातीला पातळ, तेलकट शौच होते. बरेचदा आपोआप कमी होते, नाही तर स्वादुपिंडाच्या एन्झाइमच्या गोळ्या देतात. पित्ताशयात खडे होऊ शकतात, म्हणून जेवणानंतर उजव्या बरगडीखाली दुखलं तर सोनोग्राफी.

ठाण्याहून खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकला (टाटा मेमोरियलचं केंद्र) किंवा आणखी कुठे गॅलियम पेट स्कॅनला (एनईटी कुठे आहे ते दाखवणारा स्कॅन) जायचं असेल, तर तारीख घेतानाच शेवटच्या इंजेक्शनची तारीख सांगा. स्कॅन सहसा पुढच्या डोसच्या अगदी आधी बसवतात. ल्युटेशियम थेरपीपूर्वी (एनईटीवरचा किरणोत्सर्गी औषधाचा उपचार) लांब टिकणारं इंजेक्शन साधारण चार आठवडे थांबवतात आणि मधल्या काळात छोटं ऑक्ट्रिओटाइड देतात. तेही थेरपीच्या 24 तास आधी बंद. हे वेळापत्रक डॉक्टरांकडून लिहून घ्या, तोंडी नको.