ओडिनला मिडल-अर्थमध्ये बसवायचं कुठे?

मी टॉल्किनच्या मिडल-अर्थ या काल्पनिक जगावर फॅनफिक्शन लिहिते आणि त्यात नॉर्स, म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियाचे देव आणते, हे कळलं की हमखास प्रश्न येतो: त्यांचा मुख्य देव ओडिन, त्याला बसवायचं कुठे? टॉल्किनच्या जगाची देखरेख करणारे देवासारखे वालार, त्यांचा राजा मान्वे, त्याच्या बरोबरीने की हाताखाली? तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून सांगते.

ताकदीवरून मी जागा ठरवत नाही. कोण कुणाला भारी पडेल हा हिशोब सुरू झाला की देवांचे नुसते पैलवान होतात. मी दोनच गोष्टी पाहते: हे जग घडवलं कुणी, आणि इथला माणूस मेल्यावर जातो कुठे.

पहिली गोष्ट ओडिनला महागात पडते. नॉर्स कथेत त्याने भावांसोबत यमिर या राक्षसाला मारून त्याच्या देहातून पृथ्वी केली. टॉल्किनच्या विश्वात मात्र जीव देणारा एकटा एरू, म्हणजे तिथला परमेश्वर. आउले या वालाने ड्वार्फ घडवले, पण एरूने स्वीकारेपर्यंत त्यांना स्वतःची इच्छाच नव्हती. म्हणून ओडिनचं निर्मातेपण मी काढून घेते आणि त्याला वालारांच्या खालच्या पायरीवरचा माइआ करते. ज्ञानासाठी मिमिरच्या विहिरीपाशी दिलेला डोळा आणि नऊ रात्री झाडाला लटकणं मात्र ठेवते. ते गेलं तर उरतो हॅट घातलेला भटका म्हातारा, आणि तो तिथे आधीच आहे. तिथला जादूगार गॅंडाल्फ आपल्याला ओडिनसारखा भटका वाटतो, असं टॉल्किननेच १९४६च्या एका पत्रात लिहिलंय. आपल्याकडे खंडोबा शंकराचा अवतार झाला, पण बाणाई आणि भंडारा सुटला नाही, तसंच हे.

खरी मजा दुसऱ्या गोष्टीत आहे. ओडिन रणात पडलेले वीर शेवटच्या लढाईसाठी वाल्हाला या आपल्या महालात जमवतो. मिडल-अर्थमधला माणूस मात्र मेला की मांडोस या वालाच्या दालनात थोडा थांबतो आणि मग जगाबाहेर निघून जातो. कुठे, ते अमर एल्फांनाही ठाऊक नाही. मरण ही एरूने माणसाला दिलेली भेट आहे. मग ओडिन वीर जमवू लागला तर तो ती भेटच हिसकावतोय! मृत्यूची हीच भीती चेतवून साउरॉन या दुष्ट माइआने नूमेनोर हे माणसांचं बेट-राज्य बुडवलं. माझ्या गोष्टीत पेलेनॉरच्या मैदानावर मरणाऱ्या रोहनच्या घोडेस्वाराला वाल्किरी, म्हणजे ओडिनसाठी वीर निवडणारी दासी, म्हणते, ‘चल, अजून एक लढाई बाकी आहे.’ तो विचारतो, ‘माझे वाडवडील तिथे असतील?’ तिला उत्तर देता येत नाही. ओडिन इथे दुष्ट नाही. तो अंताच्या धास्तीने चुकीचं करतोय, आणि मला तो असाच हवा होता.

मेघगर्जनेचा नॉर्स देव थॉर, त्याला मी अजून आणलेलं नाही. मेल्कोर या दुष्ट वालाला हसत हसत लोळवणारा तुल्कास हा वाला तिथे आधीपासून आहे, आणि त्याच्या शेजारी थॉरला स्वतःचं असं काही काम मला सापडलेलं नाही. सापडलं की लिहीन.