सुई उजव्या पायाला, लंगडा डावा

माथेरानच्या घोड्यांना खरी सुट्टी मिळते ती पावसाळ्यात. जूनच्या मध्यावर नेरळहून वर येणारी मिनी ट्रेन बंद होते, अमन लॉज ते माथेरान एवढीच शटल चालू राहते आणि पर्यटक रोडावतात. त्यामुळे मेच्या अखेरीस मला, म्हणजे घोड्यांच्या डॉक्टरिणीला, येणारे फोन साधारण एकाच धाटणीचे असतात. सीझन कसाबसा रेटलाय, घोडा काही बरा दिसत नाही, मॅडम, एकदा येऊन जा.

तुफानच्या मालकाचाही फोन तसाच आला. मामा म्हणतात त्यांना सगळे, मीही. तुफान म्हणजे अकरा वर्षांचा कुमैत, म्हणजे काळ्या आयाळीचा तांबूस घोडा, नावाला अजिबात न शोभणारा गरीब. लहान मुलं बसवायची तर तुफानवर, असा तिथला रिवाजच. मार्चमध्ये तो उतारावर घसरला आणि उजव्या पुढच्या पायाने लंगडू लागला. बसवून ठेवला, दुखण्याचं औषध दिलं, चांगला चालायला लागला म्हणून कामाला लावला, की चार दिवसांत पुन्हा लंगडा. हे चक्र सीझनभर चाललेलं.

माथेरानात बाहेरची गाडी येते ती दस्तुरी नाक्यापर्यंतच. माझं पोर्टेबल एक्स-रे मशीन गाडीत होतं, म्हणून मामांना म्हटलं, घोडाच नाक्यावर आणा. मामा आले, मागोमाग नालबंद चाचाही आले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, पण डॉक्टरीण नालेबद्दल काहीतरी बोलणार याची कुणकुण त्यांना लागली असावी.

आधी घोडा चालवून पाहिला. पुढच्या पायाचं लंगडणं ओळखायची सोपी खूण मानेत असते: दुखरा पाय टेकला की मान वर उचलली जाते, चांगला पाय टेकला की खाली जाते. दुडक्या चालीत तुफानची मान उजव्या पायाला स्पष्ट वर जात होती. पाय उचलून खुराच्या चिमट्याने दाबत गेले. पुढचा भाग दाबला तर काही नाही, टाचेकडे दाबला की झटक्याने पाय ओढून घ्यायचा. मग घोट्याखाली दोन्ही बाजूंनी, टाचेकडे जाणाऱ्या नसांजवळ, दोन-दोन मिली बधिरीचं इंजेक्शन दिलं. त्याने खुराच्या मागच्या भागातली दुखण्याची जाणीव तेवढी जाते. दुखणं तिथलंच असेल तर घोडा सरळ चालायला लागतो.

दहा मिनिटं थांबलो. मामांनी चहा मागवला. मग तुफानला पुन्हा दुडकत नेलं, तर उजवा पाय खणखणीत पडत होता आणि मान डाव्या पायाला वर जात होती.

"मॅडम, सुई दिलीत उजव्या पायाला आणि लंगडा केलात डावा!"

मामांचा चेहरा असा झाला होता की हसावं की रडावं कळेना. नाक्यावरचे आणखी पाच-सहा घोडेवाले गोळा झाले. मी त्यांना सांगितलं ते असं: डावा पाय आत्ता दुखायला लागलेला नाही, तो आधीपासूनच दुखतोय. दोन्ही टाचा दुखत असल्या तर घोडा जास्त दुखरा पाय सांभाळतो आणि दुसऱ्याचं दुखणं त्याआड लपून जातं. उजवा बधिर केला तेव्हा डाव्याला तोंड फुटलं. म्हणजे मार्चमधली घसरण हे निमित्त. खरं दुखणं दोन्ही खुरांत कितीतरी आधीपासून मुरत होतं, आणि म्हणूनच नुसत्या विश्रांतीने ते जात नव्हतं.

एक्स-रेसाठी खूर लाकडी ठोकळ्यावर ठेवला. हाड मोडलेलं नव्हतं. पण पायाच्या खालच्या हाडांची जी रेघ घोट्यापासून खुरापर्यंत सरळ उतरायला हवी, ती खुरापाशी मागे मोडलेली दिसत होती. पुढचं टोक लांबच लांब वाढलेलं, टाचा पुढे सरकून पायाखाली दुमडलेल्या. अशा पायात दर पावलाला मागच्या मोठ्या स्नायुबंधावर, आणि तो ज्या छोट्या नौकेसारख्या हाडावरून वळतो त्या नॅव्हिक्युलर हाडावर, जादा ताण येतो. टाच दुखते म्हणून घोडा खुराचं टोक आधी टेकवतो, आणि टोक आधी टेकवलं की टाचेतली गादी काम करेनाशी होऊन आणखी अशक्त होते.

आता हे झालं कसं? नाल खराब होती असं नव्हे. चाचांचं काम सफाईदार. पण नाल लोखंडाची, ती झिजत नाही तोवर बदलायची नाही हा तिथला हिशोब. नालेखालचा खूर मात्र महिन्याला सहा ते दहा मिलिमीटर वाढतच असतो, आणि नालेमुळे त्याची झीज होत नाही. पाच आठवड्यांचं काम दहा आठवड्यांवर गेलं की टोक पुढे पळतं आणि टाचा त्यामागे फरफटत जातात.

"नाल काढू या. चार महिने पाय उघडे ठेवू," मी म्हटलं.

मामा गप्प. चाचा मात्र तयारच होते. "बेटी, ये पहाड है. उघड्या पायाने चार दिवसांत खूर घासून रक्त येईल."

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. मोबाइलवर परदेशातले व्हिडिओ बघून मला "नाल म्हणजे घोड्यावर अत्याचार" असं ऐकवणारे शहरी अश्वप्रेमी बरेच भेटतात. त्यांना जांभ्याच्या चढावर सत्तर किलोचा पर्यटक घेऊन चढणारा घोडा एकदा दाखवला पाहिजे. पण तुफानला चार महिने कामच नव्हतं, आणि पावसाळ्यात घरी बसणाऱ्या घोड्याला नाल ठोकून ठेवण्यात काय हशील? ग्रीक सेनानी झेनोफनने सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय की घोड्याला गोल गोट्यांच्या अंगणात उभा करा, खूर घट्ट होतात. त्या काळी खिळ्यांची नाल तिकडे नव्हतीच. हे मी मामांना सांगितलं. "मग तो ग्रीक कमवायचा काय?" मामांनी विचारलं. याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, पण मामा हो म्हणाले.

नाल काढताना चाचांचे हात बघण्यासारखे. खिळ्यांची वळवलेली टोकं एकेक करून सरळ केली, मग पकड टाचेकडून घालून हळूहळू आत वळवत नाल उचलली. खुराच्या बाहेरच्या भिंतीचा एक तुकडासुद्धा उडाला नाही. तळव्याच्या मधला रबरासारखा त्रिकोणी भाग, ज्याला चाचा पुतली म्हणतात, तो आक्रसून बोटाएवढा झाला होता. त्याच्या खाचेत काळी, कुबट वासाची सड. चाचांनी सवयीने सुरी काढली, तळवा खरवडून गुळगुळीत करायला. मी हात धरला. उघड्या पायाच्या घोड्याला तळव्याची जाडी हीच चप्पल, ती सोलायची नाही. त्यावर आमची चांगली दहा मिनिटं जुंपली. शेवटी ठरलं: तळव्याला हात लावायचा नाही, कानस फक्त पुढच्या टोकावर समोरून चालवायची, टोक मागे आणायचं आणि कड गोल करायची, म्हणजे चिरफळ्या उडत नाहीत. एकदा गणित कळल्यावर चाचांनी डावा खूर माझ्यापेक्षा छान केला.

मामांना दिलेल्या पथ्यातलं पहिलं कलम ऐकून ते खरे दुखावले: गूळ बंद. सीझनमध्ये ताकदीसाठी गूळ-चणे चारायचे आणि रिकाम्या घोड्यालाही तेच चालू ठेवायचं, यात खुराच्या आतली सूज ओढवून घेणं आहे. त्यांना खुराच्या वर, घोट्यापाशी नाडी कशी बघायची ते शिकवलं. ती ठणठण उडताना लागली की मला फोन.

पहिले काही आठवडे वाईट गेले. तुफान खडीवर अंड्यांवरून चालल्यासारखा चालायचा. मामांच्या मुलीने जुन्या योगा मॅटचे तुकडे कापून खुराला चिकटपट्टीने बांधले, तेव्हा तो मान खाली टाकून निवांत चालायला लागला. माझ्या सांगण्यावरून मामांनी नेरळहून बारीक गोल गोट्यांच्या गोण्या आणल्या. दस्तुरीपासून पुढे त्या मालवाहू घोड्यांच्या पाठीवरून आल्या आणि तबेल्याच्या एका कोपऱ्यात, पत्र्याखाली पसरल्या. बाकी तबेल्यात चिखल, पण या कोपऱ्यात पाणी खाली निथळून जायचं. तुफान आपण होऊन तिथेच उभा राहायला लागला. सडलेल्या खाचांना मोरचुदाचं सौम्य पाणी, आणि रोज थोडं चालवणं, आधी मातीवर, मग भिजल्या मुरमावर.

श्रावणात गेले तेव्हा खुराच्या वरच्या कडेला, केसांच्या लगेच खाली, नवीन वाढीचा दोन बोटं पट्टा दिसत होता. त्याचा कोन जुन्या भिंतीहून सरळ उभा. जुना खूर अजून खाली लोंबत होता, कारण टोकाकडचा पूर्ण खूर बदलायला नऊ महिने ते वर्ष लागतं. पुतली मात्र आता अंगठ्याहून रुंद आणि टणक. मामांनी त्याला रस्त्यावरच्या पेव्हर ब्लॉकवरून उतारावर चालवत आणलं. त्या ब्लॉकवर नाल ठोकलेले घोडे घसरतात ही घोडेवाल्यांची जुनी तक्रार. मी जमिनीलगत मोबाइल धरून सावकाश चित्रण केलं. टाच आधी टेकत होती, दोन्ही पायांची. मामांनी तो व्हिडिओ अख्ख्या माथेरानला पाठवला.

दिवाळीआधी नाल पुन्हा ठोकायची का, यावर घरात भांडण झालं म्हणे. माझं मत होतं की डिसेंबरपर्यंत थांबावं. पण दिवाळी म्हणजे मामांची वर्षाची कमाई, आणि दिवसाला इतक्या फेऱ्या मारल्या तर खूर वाढतो त्याहून जास्त झिजणार हे मलाही दिसत होतं. मग पुढच्या पायांना नाल लागली, पण टोकाच्या मागे सरकवून आणि टाचेकडे रुंद. दर पाच आठवड्यांनी काढून, खूर कापून पुन्हा लावायची या अटीवर. मागचे पाय उघडेच ठेवले, उतारावर पकड चांगली राहते म्हणून. आणि तुफानवर फक्त मुलं.

आता नवाच वाद उभा राहिलाय. येत्या पावसाळ्यात मामांना आपल्या दुसऱ्या घोडीचीही नाल काढायचीय, आणि नाल न ठोकता नुसता खूर घासायचे चाचा पूर्ण पैसे मागतात. मामा म्हणतात, लोखंड नाही तर पैसे कसले? चाचा म्हणतात, लोखंड ठोकायला दहा मिनिटं लागतात, हे काम तासाभराचं आहे. मला दोघांचेही फोन येतात. मी चाचांच्या बाजूने आहे, पण मामांना तसं अजून सांगितलेलं नाही.