पीएच लॉग, अपडेट ५: पावसाचं पाणी, दोन बरण्या आणि ॲडिरॉन्डॅकची तळी

मंडळी, मागच्या अपडेटनंतर तीन महिने गायब होतो, त्यातला निम्मा वेळ पीएच मीटरशी भांडण्यात गेला (पीएच म्हणजे पाणी किती आम्ल ते सांगणारा आकडा, ७ म्हणजे मधोमध, त्याखाली आम्ल). नवीन आलेल्यांसाठी सांगतो, मी अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात ऑल्बनीजवळ राहतो, घरी माशांचे दोन प्लांटेड टँक, म्हणजे पाणवनस्पती लावलेले, आहेत. गेल्या वर्षी एका टँकचा केएच (पाण्यातला आम्ल पचवणाऱ्या कार्बोनेटचा साठा, म्हणजेच बफर) हळूहळू संपला, मला पत्ता नाही, आणि मग आठवड्याभरात पीएच धाडकन खाली येऊन अकरा गप्पी मासे गेले. तेव्हापासून हे बफरचं वेड लागलंय, आणि त्यातूनच आता आम्लाचा पाऊस आणि इथली तळी तपासतोय. बायको म्हणते, मासे पाळायचे सोडून तू आता पाणीच पाळतोस.

आधी मीटरचं रडगाणं. ४ आणि ७ च्या सोल्युशनमध्ये कॅलिब्रेशन एकदम चोख, पण पावसाच्या पाण्यात बुडवला की ५.९, मग ५.६, मग ५.४, आकडा उतरतोय तो उतरतोयच. दोन आठवडे वाटलं प्रोब गेला. प्रोबचा तसा दोष नव्हता, पावसाच्या पाण्यात आयनच इतके कमी असतात (माझा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा आकडा, फक्त ४ आला!) की साध्या प्रोबला स्थिर व्हायला काही मिळतच नाही. आता चिमूटभर शुद्ध पोटॅशियम क्लोराइड घालतो, ढवळत नाही, आणि चहा होईपर्यंत तसाच ठेवतो. आणि हो, प्रोब डिस्टिल्ड वॉटरने तीनदा धुवा, कॅलिब्रेशन सोल्युशनचा एक थेंब राहिला तरी रीडिंगची वाट लागते.

तर आतापर्यंत सहा पाऊस मोजले, सगळे ४.९ ते ५.३ मध्ये. स्वच्छ पाऊससुद्धा ७ नसतो बरं का, हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळून तो ५.६ च्या आसपास येतोच. जवळच्या न्यू हॅम्पशायर राज्यात हबर्ड ब्रुकच्या जंगलात शास्त्रज्ञ जीन लायकन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ पासून पाऊस मोजायला घेतला तेव्हा त्यांना ४.१ च्या आसपास मिळत होता, म्हणजे माझ्या ५.१ च्या दहापट आम्ल, कारण पीएचमध्ये एक आकडा म्हणजे दहापट. ओहायोकडच्या कोळशाच्या वीजकेंद्रांनी उंच चिमण्या बांधून आपल्या गावातला धूर घालवला आणि तो शेकडो किलोमीटर लांब इकडे येऊन सल्फ्युरिक आणि नायट्रिक आम्ल होऊन पडला. १९९० मध्ये कायदा कडक झाल्यावर वीजकेंद्रांचा सल्फर डायऑक्साइड ९० टक्क्यांहून जास्त उतरलाय, तेव्हा माझे आकडे बरे दिसतायत त्यात माझं काही कौतुक नाही.

आता बरण्या. दोन्हीत नळाचं पाणी पातळ करून केएच २ वर आणलं, एकीत संगमरवराचा चुरा, दुसरीत धुतलेली ग्रॅनाइटची खडी, आणि दोघींना रोज सारखेच मोजून आम्लाचे थेंब. संगमरवरवाली ढिम्म हलली नाही. ग्रॅनाइटवालीची मजा बघा: ७.२, ७.१, ६.९, ६.७, ६.३ आणि सहाव्या दिवशी थेट ४.६! माझ्या टँकचं हेच झालं होतं. केएच आहे तोवर पीएच जेमतेम सरकतो म्हणून आपण निवांत, आणि साठा संपला की एका रात्रीत खेळ खलास.

आमच्या उत्तरेला ॲडिरॉन्डॅकच्या डोंगरांमध्ये ग्रॅनाइटसारखाच आम्ल न पचवणारा खडक आणि वर मातीचा पातळ थर, म्हणजे ही दुसरी बरणी. १९८४ ते ८७ मध्ये तिथली १४६९ तळी तपासली तर साधारण चौथ्या हिश्श्याचा पीएच ५ च्या खाली निघाला. याच राज्यातल्या फिंगर लेक्स नावाच्या तळ्यांना तिथल्या चुनखडीने सांभाळून घेतलं. ऑक्टोबरमध्ये मी एका छोट्या तळ्याचं पाणी आणलं (नाव सांगत नाही, एकाच नमुन्यावर कुणाच्या तळ्याला बदनाम कशाला), केएच किट पहिल्याच थेंबाला पिवळं. म्हणजे शिल्लक जवळपास शून्य.

मासे नुसत्या आम्लाने मरतात असं मला वाटायचं. खरा घात ॲल्युमिनियम करतं. पीएच उतरला की ते मातीतून सुटून पाण्यात येतं, कल्ल्यांवर बसतं, कल्ले चिकट होऊन श्वास कोंडतो आणि अंगातले क्षार बाहेर झिरपतात. त्यात वसंतात बर्फ वितळतं तेव्हा हिवाळाभर साठलेलं आम्ल एकदम उतरतं, नेमकं ट्राउटची पिल्लं बाहेर येतात त्याच सुमारास. आणि असं तळं दिसतं कसं तर निळंशार, तळ दिसेल इतकं स्वच्छ! टँकवाल्यांनो, क्रिस्टल क्लिअरवर फार भाळू नका.

जंगलाचं दुखणं मात्र चिवट आहे. आम्ल मातीतलं कॅल्शियम धुऊन नेतं, आणि आम्लाचं धुकं रेड स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या सुयांमधलंही काढतं, मग थंडी सोसत नाही आणि सुया लालसर होऊन गळतात. शुगर मेपलच्या झाडालाही कॅल्शियम लागतं. १९९९ मध्ये हबर्ड ब्रुकवाल्यांनी हेलिकॉप्टरने एका अख्ख्या पाणलोटावर वोलॅस्टोनाइट, म्हणजे कॅल्शियम सिलिकेट टाकलं. टँकमध्ये केएच वाढवायची पूड घालतो तसं, डोंगराला केएच अप! मेपल सुधारले, स्प्रूसला थंडी कमी बाधली.

सांगलीचा धाकटा विचारतो, "दादा, इथला पाऊस कुरियर करू का?" अरे, तिकडे धुळीतच इतका चुना असतो की बरंचसं आम्ल हवेतच मरतं.

सध्या ग्रॅनाइटच्या बरणीत मूठभर संगमरवर टाकलाय, तिसऱ्या दिवशी ६.४. पाण्याचा पीएच लवकर वर येतोय, पण मातीचं काय होतं ते बघायला तिसरी बरणी लावायचीय, जंगलातली माती घालून. एप्रिलमध्ये बर्फ वितळताना त्याच तळ्याचे रोज नमुने घेणार. ते फ्रीजमध्ये ठेवले तर पीएच किती सरकतो, कुणी मोजलंय का?